कागदावरचं नाव

"काकू, काहीच भेटून नाही रायलं."

मे महिन्यातली दुपार होती. वाचनालयातला कूलर नुसताच गरम वारा फेकत होता, कारण सकाळी नळ आला नव्हता आणि टाकीत पाणी नव्हतं. ती टेबलाच्या त्या बाजूला उभी होती, उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा अजून तसाच. एम. ए. इतिहास, दुसरं वर्ष. कॉलेज तालुक्याला, आमच्या गावापासून अठरा किलोमीटर. सरांनी प्रकल्प दिला होता: वणी भागातला कापसाचा जुना व्यापार. आठ दिवस ती रोज रात्री, घरातले सगळे झोपले की, मोबाइलवर शोधत बसायची. 'वणी कापूस इतिहास' टाकलं की आजचे बाजारभाव यायचे. 'यवतमाळ कापूस जुना व्यापार' टाकलं की स्पर्धा परीक्षेच्या नोट्स यायच्या आणि त्यांत यवतमाळ म्हणजे पांढऱ्या सोन्याचा जिल्हा, एवढंच एक वाक्य. ते वाक्य तिनं सात ठिकाणी वाचलं होतं. मग तिनं ठरवून टाकलं की आपल्या भागाबद्दल कुणी काही लिहिलेलंच नाही.

मी माठातलं पाणी दिलं, बस म्हटलं. आणि विचारलं, "वणीला इंग्रज काय लिहायचे?"

"वणीच लिहीत असन न."

मी कागदावर अक्षरं लिहून दिली. डब्ल्यू, यू, एन. वून. आपला यवतमाळ जिल्हा 1905 पर्यंत याच नावानं ओळखला जायचा. नंतर दारव्हा आणि पुसद त्याला जोडले गेले आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं. तेसुद्धा आज आपण लिहितो तसं नाही. वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल. येवतमाळ. अचलपूरचं एलिचपूर, चंद्रपूरचं चांदा. अमरावतीची तर तीन-चार स्पेलिंग आहेत, त्यांतलं एक डबल 'ओ'नं सुरू होतं. आणि चांदा सोडून या सगळ्यांच्या डोक्यावर आणखी एक नाव आहे, जे आमच्याकडच्या पोरांना कुणीच सांगत नाही. वऱ्हाडचा कारभार 1853 मध्ये निझामाकडून इंग्रजांकडे गेला, पण मालकी कागदोपत्री निझामाचीच राहिली. त्यामुळे पुढची पन्नास वर्षं आपण सरकारी दप्तरात 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' होतो. 1902 मध्ये कायमचा पट्टा झाला, 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. मग स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, 1960 मध्ये महाराष्ट्र. एकाच गावचे कागद इतक्या दप्तरांत विखुरलेले आहेत आणि प्रत्येक दप्तरात त्याचं नाव वेगळं आहे. आजच्या नावानं हाक मारली तर जुना कागद ओ कसा देणार?

तिनं इंटरनेट अर्काइव्ह उघडलं, जुनी पुस्तकं फुकट वाचायला ठेवणारं संकेतस्थळ. मी तिला शोधपेटीखालचा एक पर्याय दाखवला. पुस्तकाच्या नुसत्या शीर्षकात न शोधता आतल्या मजकुरात शोधायचं. बरेच जण तिथपर्यंत पोचत नाहीत, आणि खरा माल तर आतच असतो. 'वून' आणि 'कॉटन' असे दोन शब्द टाकले. ए. सी. लायल यांनी संपादित केलेलं 1870 सालचं वऱ्हाडचं गॅझेटियर, म्हणजे त्या भागाचा सरकारी माहितीग्रंथ, वर आलं. दोन बोटांनी पान मोठं करून ती वाचायला लागली. मध्येच तिनं विचारलं, "काकू, हे आपलंच वणी व्हय का?" मी हो म्हटलं. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. दुपट्टा कधी सुटून खांद्यावर आला हेही तिच्या लक्षात आलं नाही.

फाइल मोठी होती, तिच्या दिवसाच्या डेटात बसणारी नव्हती. त्यावरही तोड आहे. त्याच पानावर पुस्तकाचा नुसता मजकूरही ठेवलेला असतो, चित्रं-नकाशांशिवाय. तो चटकन उतरतो आणि साध्या मोबाइलवरही उघडतो. पानाचा फोटो वाचून मजकूर बनवणाऱ्या यंत्राच्या चुका त्यात असतात, म्हणून आकडा घेताना मूळ पानाशी ताडून घ्यायचा. मी तिला हे दोनदा सांगितलं. तीनचा आठ झालेला मी स्वतः पाहिला आहे.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं असं नाही. माझ्या एका चुकीची किंमत एका मुलानं मोजली, तेव्हापासून मी शिकायला लागले.

दहा-अकरा वर्षं झाली असतील. डोंगराकडच्या पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, एक कोलाम मुलगा आमच्याकडे यायचा. बी. ए.ला होता. त्याला आपल्या समाजाबद्दल लिहायचं होतं. कुणीतरी त्याला रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 सालच्या चार खंडांबद्दल सांगितलं होतं, मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या. "बाई, ते पुस्तक कुठं भेटन जी?" असं त्यानं विचारलं, आणि मी मोठ्या खात्रीनं सांगितलं, नागपूरला मिळेल. तो मजुरीचे दोन दिवस मोडून एसटीनं नागपूरला गेला. तिथल्या एका मोठ्या ग्रंथालयात त्याला ओळखपत्र विचारलं, कॉलेजचं शिफारसपत्र विचारलं. त्याच्याकडे दोन्ही नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं तो परत आला. मला दोष दिला नाही. "पुस्तक हाय तिथं, पण दाखवत नाहीत," एवढंच म्हणाला.

ते चारही खंड त्या दिवशी प्रोजेक्ट गटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट होते. कोलामांवरचं प्रकरण तिसऱ्या खंडात आहे. माझ्या टेबलावरच्या संगणकावर ते दोन मिनिटांत उघडलं असतं. मला हे पुढे वर्षभरानं कळलं, तोवर तो कामासाठी तेलंगणात निघून गेला होता. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात रंगनाथनांची पाच सूत्रं आम्ही पाठ केली होती, 1931 सालची. त्यातलं चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा. परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती. त्या मुलाचे दोन दिवस मात्र मी वाचवू शकले नाही.

पुढे ते प्रकरण मी स्वतः वाचलं. त्यातली भाषा राज्य करणाऱ्यांची आहे, माणसांकडे वरून पाहणारी. त्याला वाचायला दिलं असतं तर शेजारी बसून दिलं असतं, आणि म्हटलं असतं, हे तुमच्याबद्दल कुणी तरी परक्यानं लिहिलंय, आता यात काय चुकलंय ते तू लिही. ते राहूनच गेलं.

तेव्हापासून मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. डाव्या बाजूला आपलं नाव, उजव्या बाजूला कागदावरचं नाव. गावांची, नद्यांची, झाडांची, किडींची, कामांची. कुणी काही शोधायला आलं की आधी वही उघडायची, मग संगणक.

वहीतलं सगळ्यात भरलेलं पान तरोट्याचं आहे. पहिला पाऊस पडून आठ दिवस झाले की बांधावर, रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो आणि आमच्याकडे घरोघरी त्याची भाजी होते. कोवळी पानं खुडायची, चण्याची डाळ घालायची, लसणाची फोडणी. गेल्या वर्षी बारावी विज्ञानाची दोन मुलं त्यावर प्रकल्प करत होती. 'तरोटा' टाकलं तर भाजी करण्याचे व्हिडिओ. पुण्या-कोकणाकडे हिलाच टाकळा म्हणतात, ते टाकल्यावर आयुर्वेदाचे लेख आले. संस्कृतात चक्रमर्द. सरकारच्या लघु वनोपजांच्या हमीभावाच्या यादीत ती 'पुवाड' म्हणून आहे. आणि शास्त्रीय नाव कॅसिया टोरा. हे टाकल्याबरोबर शोधनिबंधांची रांग लागली. त्यातले कितीतरी पबमेड सेंट्रलवर पूर्ण वाचता येणारे, एक रुपया न देता. तरी मी मुलांना थांबवलं, कारण वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे तिला दुसऱ्या प्रजातीत घातलं आणि आता ती सेना टोरा आहे. नव्या नावानं वेगळे निबंध येतात. त्यातही सेना ऑब्टुसिफोलिया नावाची जुळ्यासारखी दिसणारी बहीण आहे आणि काही लेखांत दोघींची सरमिसळ झालेली आहे. एका भाजीची सहा नावं. त्या दोघांतल्या एकानं घरी जाऊन आईला सांगितलं की तरोट्याच्या बियांपासून डिंकासारखा पदार्थ काढतात आणि तो कारखान्यांत वापरतात. तर ती माउली दुसऱ्या दिवशी वाचनालयात आली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मला म्हणाली, "खरं हाय का बाई? आमी तं ते उपटून फेकतो."

गुलाबी बोंडअळीचंही तसंच. पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीवरच्या, या अळीबद्दल मराठीत शोधलं की औषध विकणाऱ्यांच्या जाहिराती आधी येतात. पेक्टिनोफोरा गॉसिपिएला हे तिचं शास्त्रीय नाव माहीत असलं की वाट नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे जाते. कृषी विद्यापीठांतले प्रबंध 'कृषिकोश' या भांडारात ठेवलेले असतात. आपल्याच मातीवर, आपल्याच पावसावर केलेले प्रयोग असतात त्यांत. इंग्रजीत असतात, हे खरं. पण तक्ता वाचायला फार इंग्रजी लागत नाही, आणि जिथे लागतं तिथे आम्ही दोघं-तिघं मिळून बसतो.

शाळेच्या मुलांसाठी फार काही सांगावं लागत नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, दीक्षा हे सरकारी ॲप आहे, पुढच्या शिक्षणासाठी स्वयम् आणि एनपीटीईएलवरचे फुकट अभ्यासक्रम आहेत. शिक्षकांना ते ठाऊक आहे. मराठी विश्वकोश मात्र मी मुद्दाम दाखवते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभारायला घेतलेला तो वीस खंडांचा डोंगर आज कुणालाही घरबसल्या वाचता येतो, आणि तरी मुलं निबंधासाठी कुठल्या तरी अनामिक पानावरून मजकूर उचलतात. केतकरांचा ज्ञानकोशही तसाच खुला आहे. केतकर शाळेला अमरावतीला होते, हे सांगितलं की मुलं जरा जास्त लक्ष देतात. आणि शब्दांवर अडलं की शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आहे, 1857 ची आवृत्ती, आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोशही आहे. आपल्या आजीच्या तोंडचा एखादा शब्द, जो शाळेत 'अशुद्ध' ठरला, तो तिथे अर्थासकट छापलेला सापडतो. अशा वेळी मूल पान बंद करायला तयार नसतं.

आता त्या मुलीकडे परत येते.

गॅझेटियर मिळालं, पण नुसत्या इंग्रजी दप्तरावर प्रकल्प कसा उभा राहणार? अलीकडच्या अभ्यासकांनी काय म्हटलंय ते हवं होतं. त्यासाठी शोधगंगा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनंतर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच. डी. प्रबंध तिथे जमा होत गेले. तिनं मराठीत 'विदर्भातील कापूस' टाकलं आणि पुन्हा तिचा चेहरा पडला. इथे आणखी एक अडचण आहे. ती मलाही कळायला वर्षं लागली. आपल्याकडचे कितीतरी मराठी प्रबंध युनिकोडच्या, म्हणजे संगणकाला मराठी अक्षर ओळखू येण्याच्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये टाइप झालेले आहेत. डोळ्यांना सुरेख मराठी दिसते, पण संगणकाला आतून इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, म्हणजे कळेल. काही तर नुसत्या पानांचे फोटो आहेत. म्हणून तिथे मजकुरात शोधून उपयोग नसतो. विद्यापीठ निवडायचं, मग विभाग, आणि मग शीर्षकांची यादी एकेक करून डोळ्यांखालून घालायची. शीर्षकं बहुतेक रोमन लिपीत असतात, तीही प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं लिहिलेली. 'विदर्भ' एकानं नुसत्या 'डी'नं लिहिलेला, दुसऱ्यानं 'डीएच'नं.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, इतिहास विभाग. नागपूर विद्यापीठ, इतिहास आणि अर्थशास्त्र. दोन दुपारी आम्ही यादी चाळली. दुसऱ्या दिवशी नळ आला, कूलर ओला झाला, जरा बरं वाटलं. हाती आलेल्या प्रबंधांपैकी दोन तिच्या कामाचे निघाले. मी तिला म्हटलं, प्रबंध पहिल्या पानापासून वाचू नकोस, शेवटची संदर्भसूची आधी उघड. शोधगंगेवर प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी असते, त्यामुळे ती एकटीच उतरवता येते. कुणा तरी संशोधकानं चार-पाच वर्षं घालवून, नागपूर-मुंबई-हैदराबादचे दप्तरखाने पालथे घालून केलेली ती यादी असते. त्या माणसाची अख्खी पायपीट त्या आठ-दहा पानांत असते. मला ती यादी वाचताना आजही फार आदर वाटतो.

एक निबंध तिला हवा होता आणि तो पैसे मागत होता. आमच्याकडच्या दहा दिवसांच्या मजुरीएवढे. आधी गूगल स्कॉलरवर त्याच निबंधाच्या इतर प्रती पाहिल्या, कारण पुष्कळदा लेखकानं स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर एक प्रत ठेवलेली असते. नव्हती. मग मी म्हटलं, लेखकालाच लिही. ती घाबरली. इतक्या मोठ्या प्राध्यापकांना आपण कसं लिहायचं, इंग्रजी चुकलं तर? आम्ही मिळून सहा ओळी लिहिल्या: मी कोण, कुठली, काय शिकते, निबंध कशासाठी हवा आहे. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. निबंध जोडलेला होता, आणि खाली दोन ओळी, की तुमच्या गावाच्या आसपास जुन्या जिनिंगच्या इमारती उरल्या असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा. तिनं ते पत्र मला वाचून दाखवलं, मग फोनवर मामाला, मग संध्याकाळी पुन्हा मला.

हे अशासाठी सविस्तर सांगते, की त्याच मोबाइलवर दुसऱ्याही वाटा येतात. 'तुमचा शोधनिबंध चार दिवसांत छापून देतो' असे संदेश आमच्या भागातल्या मुलांना रोज येतात. आमच्या गावच्या एका मुलानं उधारी करून पैसे भरले, निबंध 'आंतरराष्ट्रीय' मासिकात छापून आला, आणि मुलाखतीत त्याला सांगितलं गेलं की हा धरता येत नाही. ते मासिक आता इंटरनेटवर दिसतही नाही. त्याची आई अजून ते प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवते. खुल्या आणि खऱ्या मासिकांची यादी, डीओएजे, 2003 पासून सगळ्यांसाठी उपलब्ध आहे. ती पाहायला दोन मिनिटं लागली असती. ती असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही त्यानं विचारलं नव्हतं. मी आता कुणी विचारायची वाट पाहत नाही. वाचनालयाच्या फळ्यावर सुविचाराच्या जागी दर सोमवारी एक पत्ता लिहिते.

जूनमध्ये तिचा प्रकल्प झाला. बांधून आणलेली प्रत तिनं वाचनालयालाही दिली, दाखल नोंदवहीत मी तिला क्रमांक घातला. त्याच आठवड्यात ती आपल्या आबाजींना घेऊन आली. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी, पायांत टायरच्या चपला. नात रात्ररात्र काय वाचते ते त्यांनी ऐकलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "आमचं रिठ असन का वं त्याच्यात?"

नाल्यापलीकडे त्यांचं मूळ गाव होतं. त्यांच्या आजाच्या वेळी पटकी आली, माणसं मेली, उरलेली उठून इकडे आली. गाव उजाड झालं. आमच्याकडे अशा गावाला रिठ म्हणतात. सातबाऱ्यावर मौजा म्हणून नाव राहतं, आणि जमिनीवर मारुतीचा ओटा आणि चिंचा.

मी जनगणनेची जिल्हा पुस्तिका उघडली, 2011 ची. तीही फुकट आहे आणि त्यात प्रत्येक मौजाला सहा आकड्यांचा क्रमांक असतो, वस्ती असलेल्या आणि नसलेल्या दोन्हींना. आबाजींनी सांगितलेलं नाव इंग्रजीत टाकलं, सापडलं नाही. शेवटचं अक्षर बदललं, नाही. मग तिनं वही ओढून घेतली, त्यातल्या इतर गावांची स्पेलिंग पाहिली, 'डी'च्या जागी 'आर' घातला, कारण आपला 'ड' साहेबाच्या कानाला तसा ऐकू यायचा हे ती आता ओळखून होती. नाव आलं. पुढे कंसात रिठ. लोकसंख्येच्या रकान्यात काहीच नाही.

तिनं मोठ्यानं वाचलं. आबाजींना ऐकू कमी येतं, म्हणून परत एकदा वाचलं, क्रमांकासकट. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावर त्या ओळीवर बोट ठेवलं. वाचता त्यांना येत नाही. बोट तसंच ठेवून त्यांनी नातीला विचारलं, "शेजारी कोणतं गाव लिवलं हाय?"

ती एकेक नाव वाचत गेली आणि ते प्रत्येक नावाला मान हलवत, तिथला नाला, तिथली विहीर, कुणाचं वावर, हे सांगत गेले. मी वही तिच्याकडे सरकवली. तिनं डाव्या बाजूला आबाजींच्या तोंडचं नाव लिहिलं, उजव्या बाजूला पुस्तिकेतलं, आणि खाली बारीक अक्षरात विहिरीचं.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. वाचनालय बंद करायची वेळ टळून गेली, तरी आबाजी अजून पलीकडच्या गावांवरच होते.